शेवंतीला रोज घर मिळतं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. किनाऱ्यावरच्या गावात दिवसभर फिरून घरी आलं की पँटच्या घडीतून मूठभर वाळू निघते, तसे ते निघतात. कधी भरली ते आपल्याला आठवतही नाही! आमच्या कलापथकाचं असंच झालं. दोन वर्षं आम्ही मालवण, कुडाळ, कणकवली, बांदा असे गावोगाव हिंडलो आणि गरिबांच्या घरकुलाचं पथनाट्य केलं. लोकांना माहिती द्यायला गेलो आणि येताना हे सगळं घेऊन आलो. आता चार माणसं जमली की मी सांगत बसतो.

पथक पाच जणांचं. मी पेटी वाजवायचो आणि नाटक लिहायचं कामही माझ्याच गळ्यात. शाळेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण सगळे अजून मला मास्तरच म्हणतात. बाबल मृदंगावर. शिवाय नाटकातला नवरा, ग्रामसेवक आणि सरपंच हे तिघेही तोच, टोपी बदलून! इस्माईलभाई बंदरावरचे. टेम्पो त्यांचा, लाऊडस्पीकर त्यांचा आणि टेम्पोत कोणी कुठे बसायचं हा निर्णयही त्यांचाच. मॅडम कचेरीतून आमच्यावर नेमलेल्या. घाटावरच्या, वयाने लहान, कामाला चोख.

आणि पाचवा दत्तू. दशावतारात तीस वर्षं त्याने राण्या केल्या. त्याची राणी वनवासाला निघाली की समोरच्या बायका पदराने डोळे पुसायच्या. आमच्या नाटकातली गरीब मजूर बाई, शेवंती, तोच करायचा.

*

पहिल्या तालमीला मॅडम घड्याळ लावून बसल्या. "वीस मिनिटांत संपलं पाहिजे हं. शेवंती झोपडीत राहते, ग्रामसभेला जाते, अर्ज करते, घर मंजूर होतं, चावी मिळते. बस!"

दत्तू लुगड्याच्या निऱ्या काढत होता. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या दशावतारात राजा दरबारात येवन बसाकच अर्धो तास लागता!"

"राजा नाहीये ना पण यात."

"तां खरां. गरिबाक येळ कमी लागता."

मॅडम हसल्या. मग त्यांनी विचारलं, "संवाद पाठ झाले का?" मी कपाळाला हात लावला. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट उभा राहतो आणि त्याला सुचेल ते बोलतो. मी रात्र रात्र जागून लिहिलेल्या वहीची दत्तूने पहिल्याच दिवशी घडी घातली आणि माझ्या पायपेटीच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. पेटी मात्र त्यानंतर कधी डुगडुगली नाही.

*

कुडाळजवळच्या एका गावात पहिला प्रयोग. आमच्याकडे प्लायवूडचं एक घर होतं. घर म्हणजे नुसता दर्शनी भाग. चिऱ्याची भिंत रंगवलेली, वर तांबडी कौलं, खरोखर उघडणारं दार आणि बाजूला तुळस. शेवटी पडदा बाजूला झाला की ते दिसायचं आणि गावातलं कोणीतरी मोठं माणूस शेवंतीच्या हातात सोनेरी कागद लावलेली हातभर चावी द्यायचं. टाळ्या पडल्या. इस्माईलभाईंनी घोषणा दिली, "ज्याला नाही छप्पर, त्याला हक्काचं घर!"

आम्ही सामान आवरायला लागलो तेव्हा एक म्हातारी पुढे आली. अंगावर विटकं लुगडं, हातात काजूच्या बियांची पिशवी. तिने त्या प्लायवूडवर हात फिरवला, दार उघडून बघितलं, परत लावलं. मग दत्तूला म्हणाली, "गो बाय, ह्यां तुमी कोणाक देतलास?"

दत्तू अजून लुगड्यातच होता. "आजये, ह्यां नाटकातलां. ह्यां खरां न्हय."

"ठावक आसा माका," म्हातारी म्हणाली. "ह्यां दिलास तरी चलात. दारांत पावसाची झड येता, तितकी थांबात."

मॅडम मोबाईलवर फोटो काढत होत्या. त्यांनी तो खिशात ठेवला आणि टेम्पोच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी परतीच्या वाटेवर इस्माईलभाईंनी गाणी लावली नाहीत.

*

बांद्याच्या अलीकडच्या एका वाडीतलं कुटुंब तर माझ्या कायमचं लक्षात राहिलंय. नवरा-बायको दोघंही काजूच्या फॅक्टरीत. मातीच्या भिंती, एका बाजूला बांबूचा टेकू. पाहणी करायला साहेब येणार असं कळल्यावर त्या बाईने काय करावं? तिने सगळं घर शेणाने सारवलं. टेकूवर पताका बांधल्या. शेजाऱ्यांकडून चार खुर्च्या आणल्या. आणि साहेबांना थंडगार कोकम सरबत द्यायचं म्हणून शेजाऱ्यांचा फ्रीजच चौघांनी उचलून आणून पडवीत ठेवला!

साहेब आले. सरबत प्यायले. छान आहे म्हणाले. आणि फॉर्मवर लिहून गेले: घरात फ्रीज आहे. तेव्हाच्या नियमात फ्रीजवाल्यांना घरकुल नव्हतं. नाव यादीतून गेलं.

हे ती बाई आम्हाला सांगत होती आणि तिला अजूनही आपली चूक कळलेली नव्हती. तिला वाटत होतं, सरबतात साखर कमी पडली असावी!

मग आम्ही नाटकात एक वाक्य घातलं. शेवंती प्रेक्षकांकडे वळून सांगायची, "बायांनो, सायब इले की घर जसां आसा तसांच दाखवा. सजवू नकात!" एका गावात हे वाक्य आलं आणि पुढच्या रांगेतली एक बाई ताडकन उठली. "म्हंजे पावण्याक मोडक्या खुर्चयेर बसवचा? आमी गरीब आसंव, पन इतकी निर्लज्ज नाय!"

तीस वर्षांत दत्तूला स्टेजवर कधी शब्द कमी पडला नव्हता. त्या दिवशी त्याने वळून पेटीकडे बघितलं. शेवटी मीच पेटीवर पुढचं गाणं सुरू केलं.

*

नियम सगळ्यात जास्त दत्तूला पाठ होते. प्रयोगानंतर लोक मॅडमना प्रश्न विचारायचे, मॅडम फाईल चाळायच्या, तोवर लुगड्यातला दत्तू उत्तर देऊन मोकळा. कुठला उतारा, कुठलं संमतीपत्र, फोटो कुठल्या बाजूने काढायचा, सगळं! एकदा मॅडमनी कौतुकाने विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं घर कधी झालं?"

टेम्पोत बाबल उगाच मृदंगाच्या दोऱ्या आवळायला लागला. कारण दत्तूचं घर झालेलंच नव्हतं. तो आणि त्याची बायको सुनंदा मांगरात राहतात. मांगर म्हणजे बागेतली खोपी, गवत आणि नारळ ठेवायला बांधलेली. जमीन आहे, वाडवडिलांची. पण सातबाऱ्यावर त्याच्याशिवाय आणखी एकोणीस नावं, सगळी भावकीची. एका पणजोबाची ही एवढी माणसं, आणि त्यांतल्या प्रत्येकाने 'आमची हरकत नाही' अशी सही दिल्याशिवाय दत्तूला चार भिंती उभ्या करता येत नाहीत.

त्या सह्यांसाठी दत्तू कुठे कुठे गेला! एक वारस बेळगावला निघाली, म्हातारी. तिने जन्मात दत्तूचं गाव बघितलेलं नाही. तिने दत्तूला जेवू घातलं, गावाची चौकशी करता करता रडली, सही दिली आणि वर एक हिरवी साडी दिली. ती शेवंतीची शेवटच्या प्रवेशातली साडी. असं करत करत अठरा सह्या झाल्या.

उरली एक. थोरल्या चुलतभावाची. ते मुंबईत असतात, सगळे त्यांना भाई म्हणतात. वाईट माणूस नाही हो! देवळाला देणग्या देतात, गावातल्या पोरांना वह्या वाटतात. त्यांना एवढीच भीती, की एकाने पक्कं बांधलं की वाटणीच्या वेळी ती जागा गेली. "बघू" म्हणतात. नाही असं एकदाही म्हणाले नाहीत. सरळ नाही म्हणाले असते तर दत्तूने दुसरी वाट तरी शोधली असती.

मागच्या पावसात मांगराची एक भिंत बसली. सुनंदा तेव्हा विहिरीवर होती म्हणून वाचली. पुन्हा मातीच घालून ती उभी केली. तेव्हापासून सुनंदा पावसाळ्यात भिंतीकडे पाय करून झोपते.

मॅडमनी विचारलं, "पाय का?"

"डोक्यार पडान मरण्यापेक्षा पाय गेले तर परवाडतत," दत्तू म्हणाला, आणि इस्माईलभाईंना म्हणाला, "हयसर थांबवा, चाय पिया."

*

इस्माईलभाईंच्या बंदरावर प्रयोग होता. सगळी मच्छीमार वस्ती. सुलेमानचाचा म्हणून त्यांचे एक नातेवाईक प्रयोगानंतर प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आले. कागद अगदी व्यवस्थित. एकट्याचं नाव, कसली भानगड नाही. दत्तूने ते असे बघितले, जसं एखादी बाई दुसरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघते.

"चाचा, मगे अडलां खंय? जागा दाखवा."

चाचांनी समुद्राकडे बोट केलं. "ती थयसर. भरती सरली की थोडी दिसता."

त्यांची जमीन धुपत धुपत पाण्यात गेली होती. कागद राहिला होता. म्हातारा भाचीच्या पडवीत जाळी विणत दिवस काढत होता.

दत्तू म्हणाला, "चाचा, तुमच्याकडे कागद आसा, जमीन नाय. माझ्याकडे जमीन आसा, कागद नाय. दोगांचां जोडून एक घर बांधूया काय?"

"बांध रे!" चाचा म्हणाले. "माका फक्त दर्याच्या बाजूची खिडकी होयी."

"ज्येनी जमीन खाल्ल्यान त्येकाच बघत बसतलास?"

"मगे कोणाक बघू? दुसरो वळखीचो कोण आसा?"

दोघंही खो खो हसले. हसता हसता चाचांना खोकल्याची उबळ आली आणि दत्तू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसला. इस्माईलभाईंनी लाऊडस्पीकरची वायर गुंडाळली, सोडली, आणि परत गुंडाळली.

*

कणकवलीकडच्या एका गावात केशव नावाचा माणूस होता. त्याचं घर मंजूर झालं होतं, पण त्याने पायाच खणला नव्हता. मॅडम चिडल्या. "लोकांना मिळत नाही आणि तुम्ही बांधत नाही?"

केशव मान खाली घालून म्हणाला, "देवाक कौल लावलंय. कळी डावीकडे पडली." मूर्तीला चिकटवलेली फुलाची कळी उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार. सरकारची मंजुरी होती, देवाची नव्हती!

मॅडमनी हात टेकले. दत्तू म्हणाला, "थांबा. देवाक नीट सांगूक होया." नाटकाचा रंग चेहऱ्यावर तसाच. तो केशवच्या घराच्या जागेवर नारळ घेऊन उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालायला लागला. आवाज असा लागला की आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो केशव तुझ्या पायाकडे इलो हा. ह्येच्या हातसून काय वाकडां-तिकडां झालां आसात तर तां पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज इस्माईलभाईंचा!

"ह्येका चार भिंती आणि वर छप्पर होवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दत्तू नारळ फोडायला वाकला, तेवढ्यात बाबल मागून ओरडला, "आणि आमच्या दत्तूचांय एक बघ रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्या लोकांना दत्तू कोण ते माहीतही नव्हतं, तरी सगळे ओरडले. मॅडमसुद्धा. दत्तू वाकलेला होता तो लवकर उठलाच नाही.

आठ दिवसांनी केशवचा फोन आला. कळी उजवीकडे पडली. त्याचं घर आज उभं आहे, मी बघून आलोय, समोर ओटाही घातलाय.

*

आता शेवटचा सांगतो. दत्तूच्या स्वतःच्या गावातला प्रयोग. घरकुलाच्या नावांची यादी त्या महिन्याच्या अखेरीस बंद होणार होती, आणि पुढची यादी कधी उघडेल ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं. देवळासमोरच्या मांडवात दुपारी खुर्च्या मांडल्या होत्या. देवळाच्या वर्धापनदिनासाठी मुंबईहून भाई आलेले. सरपंचांनी त्यांनाच प्रमुख पाहुणे केलं. म्हणजे शेवंतीला चावी देणार कोण? भाई!

रंग लावताना दत्तूने संमतीपत्राची घडी हिरव्या साडीच्या कमरेत खोचली. मी बघितलं. बाबलने बघितलं. 

दत्तू त्या दिवशी जसा रंगला तसा मी त्याला कधी बघितला नाही. शेवंतीची भिंत पडते तो प्रसंग माझ्या नाटकात नव्हताच. त्याने तो उभ्या उभ्या घातला. भाई रुमालाने डोळे पुसत होते. खोटं नव्हतं ते, त्यांना खरोखर रडू आलं होतं. मग ते वर आले, त्यांनी चावी दिली, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्या कोकणात एकही कुटुंब छपराविना राहता कामा नये!"

टाळ्यांचा कडकडाट. आता शेवंतीचं शेवटचं बोलणं. तिथे दत्तू रोज नवीन काहीतरी बोलायचा. मी पेटीवर एक सूर धरून ठेवला. बाबलचा हात मृदंगावर थांबला. इस्माईलभाईंनी माईकचा आवाज वाढवला. सगळा गाव समोर बसलेला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त! दत्तूचा हात कमरेकडे गेला. त्याने भाईंकडे बघितलं. मग वाकून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "उपकार झाले."

मी नंतर त्याच्यावर ओरडलो. खरंच ओरडलो, सगळ्यांदेखत. तो म्हणाला, "मास्तरानू, भर मांडवात थोरल्या भावाक उघडो पाडू? तसली सही घेवन बांधलेल्या घरात माका झोप येयत?"

रंग पुसून तो कागद घेऊन भाईंच्या घरी गेला. भाईंनी चहा दिला, शाल दिली, काम अप्रतिम झालं म्हणाले. सहीचं म्हणाले, "बघू रे, घाई कसली?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी मुंबईला गेली. महिनाअखेरीस यादी बंद झाली.

पण मला जे सांगायचंय ते त्या दिवशीच मांडवात घडलं. चावी देऊन झाली होती, सरबताचे ग्लास फिरत होते. मॅडमना प्रत्येक गावात एका बाईची प्रतिक्रिया मोबाईलवर घ्यावी लागायची, वर पाठवायला. त्या पहिल्या रांगेत गेल्या आणि बसलेल्या एका बाईसमोर मोबाईल धरला. ती सुनंदा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दोन खुर्च्या सोडून भाई बसले होते. थोरल्या दिरासमोर सुनंदा कधी तोंड उघडत नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"ताई, नाटक कसं वाटलं? मनापासून सांगा."

"बरां आसा."

"काय आवडलं त्यातलं?"

सुनंदाने मोबाईलकडे बघितलं. मग शांतपणे, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या शेवंतीक घर गावलां, तां बघून बरां वाटलां. मास्तरांनी बरां केल्यानी. नाटकात तिका भावकी दिल्यानी नाय."